कमान, भाता आणि खांदेपालट : वाहनांच्या राखीव आधाराचा इतिहास

यंत्रांचा इतिहास आपल्याकडे जो थोडाबहुत लिहिला गेला आहे, तो मुख्यतः शोधांच्या अंगाने लिहिला गेला आहे. अमुक यंत्र कोणी शोधून काढले, ते या देशात केव्हा आले, त्याचा पहिला कारखाना कोठे निघाला, एवढे सांगून झाले की विषय संपला असे मानण्याची प्रथा पडून गेली आहे. ते यंत्र बंद पडले म्हणजे लोक काय करीत, त्याच्या जागी कशाचा आधार घेत आणि हा आधार पुरविणारी माणसे कोण होती, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वाहनाच्या बाबतीत तर हाच प्रश्न अधिक मोलाचा आहे; कारण वाहन बहुधा मोडते ते वाटेत, आणि वाटेत जो उपाय सापडेल त्यावरच पुढचा प्रवास अवलंबून असतो.

प्रस्तुत निबंधात या प्रश्नाच्या एका लहानशा भागाचा विचार करावयाचा आहे. मोटारीचा भार पोलादी पाट्यांऐवजी कोंडलेल्या हवेवर तोलून धरण्याची पद्धत गेल्या दोन-अडीच दशकांत आपल्या रस्त्यांवर रूढ झाली. एअर सस्पेन्शन या नावाने ती ओळखली जाते. तिच्या मुळाशी हवा दाबून भरणारे एक यंत्र असते. त्यास सर्वत्र कॉम्प्रेसर म्हणतात. हा कॉम्प्रेसर निकामी झाला म्हणजे तो कसा बदलावा आणि त्याला राखीव आधार कोणता द्यावा, हा वरवर पाहता केवळ कारागिरांचा प्रश्न आहे. परंतु त्याच्या मागे भार वाहण्याचा एक दीर्घ इतिहास उभा आहे, आणि त्या इतिहासाची साक्ष मराठी शब्दांत, विशेषतः क्रियापदांत, बऱ्यापैकी शाबूत राहिली आहे असे मला वाटते.

या विषयाकडे माझे लक्ष गेले ते एका अपघाती मुक्कामामुळे. भांडगाव हे दौंड तालुक्यातील गाव पुणे–सोलापूर रस्त्यावर यवत आणि चौफुला यांच्या दरम्यान आहे. हा रस्ता पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ९ म्हणून ओळखला जाई; २०१० च्या फेरक्रमांकनानंतर तो ६५ झाला. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात रात्रीच्या बसने सोलापूरहून परतत असताना भांडगावच्या अलीकडे बस मागच्या डाव्या अंगास हळूहळू कलली. मोठा आवाज झाला नाही, धक्का बसला नाही. थकलेला मनुष्य भिंतीस टेकत जावा तशी ती टेकत गेली. चालकाने ती कडेला घेतली आणि खाली उतरून एवढेच म्हटले, "बसली." बहुतेक उतारू मागून आलेल्या दुसऱ्या बसने पुढे गेले. मी मात्र कुतूहलाने मागे राहिलो, आणि रस्त्याकडेच्या एका गॅरेजमधील मिस्त्री येऊन काम करीपर्यंत व ते संपेपर्यंत तेथेच होतो.

चालकाचे म्हणणे असे की दोष कॉम्प्रेसरचा असणे शक्य नाही. तो आठच दिवसांपूर्वी नवा टाकला होता. मिस्त्री पन्नाशीच्या घरातला, बोलण्यास तोडका. त्याने बसखाली वाकून कान दिला आणि म्हणाला, "भाऊ, कॉम्प्रेसरला काय धाड भरलीय? त्याला बसू कुठं देताय तुम्ही?"

गाडी बसली म्हणून थांबलो, आणि यंत्राला बसू देत नाही म्हणून ती बसली, हे एकाच क्रियापदाचे दोन उपयोग ऐकून माझ्यातला भाषाभ्यासक जागा झाला. खचणे, दबणे, कलणे ही क्रियापदे हाताशी असताना चालकाने 'बसणे' का निवडले? त्याचे उत्तर बैलगाडीत आहे. दमलेला किंवा अडेल बैल जुवाखाली बसतो, तेव्हा शेतकरी 'बैल बसला' असे म्हणतो. मग बैल उठेपर्यंत गाडी हलत नाही. पोलादी पाटा तुटला तर त्याच चालकाने 'पाटा तुटला' म्हटले असते; तेथे बसण्याची भाषा येत नाही. हवेवरची गाडी मात्र त्याच्या लेखी पुन्हा एकदा जनावरासारखी झाली आहे, कारण तिला उभे राहण्यासाठी आत सतत कोणीतरी दम धरून ठेवावा लागतो.

आता थोडे मागे जाणे भाग आहे. आपल्या जुन्या बैलगाडीला स्प्रिंग नव्हती. आस, तुंबा, आरे, चाकावरची लोखंडी धाव, वर साटा, पुढे धुरा आणि जू, अशी तिची रचना. यांपैकी आस व धुरा हे शब्द संस्कृत अक्ष आणि धुर् यांच्यापासून थेट चालत आलेले असून रचनेचे सातत्य त्यांवरून ध्यानात येते. धक्का सोसण्याचे काम कोणा एका भागाकडे नव्हते. सांध्यांचा सैलपणा, दोरखंडांचे बांध, खाली अंथरलेला पेंढा आणि वर बसलेल्या माणसाची हाडे यांनी ते वाटून घेतलेले होते. गाडी मोडली तर राखीव आधार कोठे होता? तो गाडीत नव्हता, गावात होता. सुतार आणि लोहार हे बलुतेदार. सुगीच्या वेळी मिळणाऱ्या धान्याच्या वाट्यावर वर्षभराची डागडुजी त्यांनी करावयाची असे. म्हणजे दुरुस्ती ही विकत घ्यावयाची वस्तू नसून गावाशी असलेल्या नात्याचा भाग होती. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली या व्यवस्थेवर लिहिलेल्या ग्रंथाला 'गाव-गाडा' हेच नाव द्यावे, यात नुसता अलंकार नाही. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. त्या वाट्यासाठी कोणाला किती लाचार व्हावे लागे हेही आपणांस ठाऊक आहे. परंतु मोडलेल्या वस्तूचा भार कोणी उचलावयाचा याचे उत्तर तीत आधीच ठरलेले होते, एवढे मान्य केले पाहिजे.

दुसरे जुने वाहन पालखी. येथे स्प्रिंगचे काम भोयांचे खांदे व गुडघे करीत. लांबच्या प्रवासास जितके भोई एका वेळी दांडीखाली लागत त्यांहून अधिक बरोबर घ्यावे लागत, आणि पालखी खाली न ठेवता दमलेल्याच्या जागी ताज्या दमाचा भोई खांदा लावी. भार हवेतच, आधार मात्र बदललेला. यालाच खांदेपालट म्हणावयाचे. हा शब्द पुढे राजकारणात गेला आणि आता मंत्रिमंडळाच्या बातम्यांखेरीज तो फारसा ऐकू येत नाही. परंतु यंत्रशास्त्रात ज्यास राखीव व्यवस्था म्हणतात तिच्यासाठी याहून नेमका शब्द मराठीत मला आढळला नाही, कारण त्यात मुख्य अट स्पष्ट आहे: भार खाली ठेवावयाचा नाही. तुकाराम महाराजांची पालखी यवतचा मुक्काम आटोपून वरवंडकडे जाते ती याच रस्त्याने, भांडगाववरून. ती आज रथातून जाते. तरी पालखीला खांदा देणे हा शब्दप्रयोग लोकांच्या तोंडी आहेच.

स्प्रिंग आपल्याकडे आली ती घोड्याच्या गाड्यांबरोबर. लंडनमधील ओबाडाया इलियट याने १८०४ साली लंबवर्तुळाकार पोलादी स्प्रिंगांचे एकस्व घेतले. तत्पूर्वी तेथील चांगल्या गाड्यांचा सांगाडा बहुधा चामड्याच्या पट्ट्यांवर टांगलेला असे. एकोणिसाव्या शतकात बग्गी, टांगा, शिग्राम अशी वाहने मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर आली. (शिग्राम या शब्दाचा संबंध 'शीघ्र'शी लावला जातो, तो खरा मानला तर या नावाने वाहनाचे वर्णन कमी आणि जाहिरात अधिक केली आहे.) पोलादाच्या वाकविलेल्या पट्ट्यांना मराठीने कमान म्हटले. कमान हा फारसी शब्द. धनुष्य हा त्याचा मूळ अर्थ, इमारतीची कमान हा पुढचा. एकेक पट्टी ती पाटा, संस्कृत पट्टापासून. दोन्ही मिळून कमानपाटा हा सामासिक शब्द तयार झाला आणि महामार्गावरील दुकानांच्या पाट्यांवर तो आजही वाचावयास मिळतो. फारसी व संस्कृत यांचा हा संयोग कोणत्याही परिभाषा समितीने घडविलेला नाही.

१ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस पुण्याहून अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, गेली. १९५४ साली टेल्कोचा जर्मनीतील डाइमलर-बेंझशी करार झाला आणि त्या मालमोटारी देशभर पसरल्या. ही सारी वाहतूक कमानपाट्यांवर चालली. त्या रचनेत एक गुण असा की तिचा राखीव आधार तिच्या पोटातच आहे. एकावर एक रचलेल्या पाट्यांपैकी खालचा एखादा तुटला तर उरलेले भार वाहतात; गाडी कलते, आवाज करते, परंतु चालते. अगदी वरचा मुख्य पाटा तुटला तरी आस आणि सांगाडा यांच्यामध्ये लाकडी ठोकळा ठोकून, साखळीने आवळून, पुढच्या गावापर्यंत गाडी नेणारे चालक होते आणि आहेत. दमून सपाट झालेल्या पाट्याला तापवून, ठोकून, पुन्हा कमान देता येते. हे काम करणारे हात गावच्या लोहाराच्याच परंपरेतले. म्हणजे बलुते गेले तरी बलुतेदाराचे कौशल्य गावातून उठून रस्त्याच्या कडेला येऊन बसले, असे म्हणता येईल.

हवेचा प्रवेश याहून निराळ्या वाटेने झाला. स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसन याने १८४५ साली हवेच्या चाकाचे एकस्व घेतले. ते विस्मृतीत गेले आणि १८८८ साली डनलॉपने तीच कल्पना स्वतंत्रपणे पुन्हा मांडली. आपल्याकडे सायकल व मोटार यांच्यामागून ही हवा बैलगाडीपर्यंत पोहोचली. दौंड-शिरूरच्या कालव्याखालच्या भागात ऊस वाढला, पाटस येथे भीमा सहकारी साखर कारखाना निघाला, आणि गाळपाच्या हंगामात उसाने लादलेल्या टायरगाड्या हे येथील रस्त्यांचे नित्याचे दृश्य झाले. लोखंडी धावेच्या जागी टायर आला तेव्हा बैलगाडीला तिच्या इतिहासात प्रथमच एक प्रकारची स्प्रिंग मिळाली. तिची वर्दीही परक्या शब्दांत आली: टायर, ट्यूब, पंक्चर. परंतु या नामांना जोडलेली क्रियापदे पाहावी. हवा भरणे, हवा उतरणे, पंक्चर काढणे. काटा काढावा, विष काढावे, तसे पंक्चर काढतात. ताप उतरावा तशी हवा उतरते. नाम उसने घेतले तरी क्रिया आपल्या हातची राहिली, आणि ज्या वस्तूवर आपला हात चालतो तिची क्रियापदे भाषा आपल्या घरातूनच काढते.

आता हवेवर सबंध गाडीच तोलण्याचा प्रयत्न. फ्रान्समध्ये जॉर्ज मेसिए याने १९२५ च्या सुमारास स्प्रिंगविरहित मोटारी बनविल्या. त्या थोड्याच निघाल्या. या पद्धतीचा खरा जम अमेरिकेतील लांब पल्ल्याच्या बसगाड्यांत बसला. जनरल मोटर्सने १९५३ च्या सुमारास ग्रेहाउंड कंपनीसाठी बनविलेल्या बसगाड्या हवेच्या उशांवर धावू लागल्या. तेथून ती खासगी मोटारीत शिरली. १९५७ ची कॅडिलॅक एल्डोराडो ब्रूम ही मोटार चारही चाकांवर हवेचा आधार घेऊन आली आणि दुसऱ्याच वर्षी जनरल मोटर्सने आपल्या इतर मोटारींवरही ही सोय मागणीनुसार देऊ केली. या इतिहासातील बोधप्रद भाग पुढे आहे. गळती इतकी त्रासदायक ठरली की अनेक मालकांनी हवेची व्यवस्था काढून तेथे पोलादी वेटोळी बसवून घेतली आणि थोड्याच वर्षांत ती सोय मागे पडली. बसमध्ये मात्र ती टिकली. याचे कारण असे दिसते की बसला ब्रेकसाठी तशीही दाबलेली हवा लागते, इंजिनवर चालणारा भक्कम कॉम्प्रेसर तिच्यापाशी असतोच, आणि आगारात रोज पाहणी करणारा मनुष्यही असतो. मोटारीला यांपैकी काहीच नव्हते. तिच्यासाठी एक छोटे यंत्र निराळे ठेवावे लागले आणि त्याची वास्तपुस्त करणारा कोणी उरला नाही. एकच शोध एका घरी नांदला व दुसऱ्या घरी नांदला नाही, याचे कारण शोधात नसून त्या घरच्या माणसांत होते.

आपल्याकडे २००१ पासून व्होल्वोच्या बसगाड्या आल्या आणि २००२ साली राज्य परिवहनाची शिवनेरी मुंबई–पुणे मार्गावर धावू लागली. पुण्यात मर्सिडीझ-बेंझच्या मोटारींची जुळणी १९९५ पासून होत होती. त्या कंपनीच्या एस वर्गाच्या १९९८ च्या नव्या नमुन्याला हवेचा आधार मूळचाच होता. या दोन वाटांनी भाते आपल्या रस्त्यांवर आले. भाते हा शब्द मी हेतुपूर्वक वापरला आहे. रबर व दोऱ्यांच्या विणीचा जो फुगा आसावर बसविलेला असतो त्यास गॅरेजात बलून म्हणतात, कोठे बेलो म्हणतात. हा दुसरा शब्द इंग्रजीत लोहाराच्या भात्याचाच आहे. आपला भाता संस्कृत भस्त्रेपासून आलेला. शतकानुशतके गावातले हवा दाबण्याचे एकमेव यंत्र तेच होते. लोखंड गाळणाऱ्या जुन्या भट्ट्यांवर कातड्याचे दोन भाते आळीपाळीने दाबीत. एक भरत असता दुसरा फुंकी, म्हणून झोत तुटत नसे. येथेही खांदेपालट होतीच. आजच्या मोटारीत भाते चार आणि त्यांना फुंकणारे यंत्र एक, ही गोष्ट त्या भट्टीवाल्यास चमत्कारिक वाटली असती.

भांडगावच्या बसकडे परत येऊ. मिस्त्रीने बादलीत साबणाचे पाणी केले आणि फुग्यांवर, नळ्यांच्या सांध्यांवर ते शिंपडले. मागच्या आसावर डावीकडे दोन व उजवीकडे दोन असे चार फुगे होते. डावीकडील एकाच्या घडीत बुडबुडे आले. मग त्याने जे सांगितले त्याचा आशय असा. बसचा कॉम्प्रेसर इंजिनाबरोबर सतत फिरतो, परंतु टाकीतला दाब पुरेसा झाला, म्हणजे सुमारे ८ ते १० बारपर्यंत चढला, की तो रिकामा फिरतो. तीच त्याची विश्रांती. फुगा गळू लागला की उंची राखणारी झडप त्यात हवा सोडीत राहते, टाकी भरत नाही आणि कॉम्प्रेसरला उसंत मिळत नाही. तो तापतो, रिंगा झिजतात, हवेबरोबर तेल फेकले जाते, ते तेल हवा कोरडी करणाऱ्या पात्रात शिरते, पात्र निकामी झाले की ओल पुढे जाते आणि झडपा बिघडतात. शेवटी दाब चढेनासा होतो व मालक म्हणतो, कॉम्प्रेसर गेला. तो नवा बसवितात. मूळ गळती तशीच राहते. नवा कॉम्प्रेसर चांगला असल्यामुळे काही दिवस ती झाकली जाते, इतकेच.

ब्रेकची हवा या गळतीतून का गेली नाही, हे मी विचारले. मार्गांची वाटणी करणारी एक संरक्षक झडप असते. ती ब्रेकच्या टाक्या प्रथम भरते आणि एखादा मार्ग फुटला तर तो तोडून उरलेल्यांत दाब राखते. आधार गेला तरी रोध जाऊ नये, हा क्रम रचनाकाराने ठरविलेला आहे. आधाराच्या बाजूनेही शेवटचा उपाय असतो: फुग्याच्या आत रबराचा ठोकळा असतो व फुगा पूर्ण रिता झाला तर सांगाडा त्यावर टेकतो. कमानपाट्याखाली ठोकलेला तो लाकडी ठोकळा येथे रबराचा होऊन कारखान्यातूनच बसून आला आहे. त्यावर बेताने, हळू, थोडे अंतर जाता येते; वेगाने व दूर गेल्यास फुगाही जातो आणि सांगाड्यासही इजा होते.

मोटारीची गोष्ट याहून नाजूक आहे. तिचा कॉम्प्रेसर विजेवर चालणारा, तेलाशिवाय फिरणारा, आकाराने लहान, आणि थोडा वेळ चालून थांबावा अशा बेताने घडविलेला. गळतीमुळे तो लांबवर चालत राहिला की तापून स्वतःच बंद होतो, किंवा त्याला वीज पोहोचविणाऱ्या रिलेचे टोक चिकटून बसते आणि तो अखंड फिरत जळतो. म्हणून तो बदलताना रिले, हवा कोरडी करणारे पात्र आणि वितळतारेची तपासणी ही त्याच कामाचा भाग समजली पाहिजेत. गाडी सांगाड्याखाली भक्कम घोड्यांवर घ्यावी, नळ्यांतला दाब आधी सोडून द्यावा आणि मगच सांधे उघडावे. केवळ फुग्यांच्या भरवशावर उभ्या असलेल्या गाडीखाली शिरणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होय. दोष ओळखण्याची साधी रीत अशी: रात्रभर उभी केलेली गाडी सकाळी एकाच कोपऱ्यावर बसलेली आढळली तर त्या कोपऱ्याचा फुगा, नळी किंवा झडप पाहावी, चारही कोपरे उठेनासे झाले तर कॉम्प्रेसर, रिले वा वितळतार पाहावी. चारही चाकांवरची उंची रात्री व सकाळी टेपने मोजून लिहून ठेवणे हा अर्ध्या पैशाचा उपाय. पण तो करणारे थोडे.

राखीव आधाराच्या ज्या युक्त्या आज प्रचारात आहेत त्या पाहिल्या म्हणजे इतिहासातील जुन्या पद्धतीच नव्या वेषात आल्याचे आढळते. नळीत एक फाटा काढून त्याला टायरच्या ट्यूबला असतो तसा वॉल्व्ह बसवितात. कॉम्प्रेसर गेला तर कोणत्याही पंक्चरच्या दुकानात बाहेरून हवा भरता येते. येथे राखीव आधार पुन्हा गाडीतून निघून गावात गेला. दुसरी युक्ती जोड-कॉम्प्रेसरची: दोन यंत्रे, प्रत्येकापुढे हवा मागे न येऊ देणारी झडप, आणि एक थकले की दुसरे चालू, ही खरी खांदेपालट. तिसरी, हवा काढून पोलादी वेटोळी बसविणे, म्हणजे कॅडिलॅकच्या मालकांनी जे केले ते. माझे मत विचाराल तर पहिली युक्ती सर्वांत शहाणपणाची आहे, कारण तिला खर्च थोडा, आणि ती रस्त्याकडेच्या माणसावर विश्वास ठेवते. दुसरी दिसावयास रुबाबदार; परंतु गळती तशीच ठेवून दोन कॉम्प्रेसर जोडले तर एकाऐवजी दोन जळतात.

आता ज्या भाषिक निरीक्षणासाठी हा खटाटोप केला ते मांडतो. पाट्याची क्रियापदे पाहा: पाटा ठोकणे, कमान देणे, पाटा चढविणे. टायरची वर दिलीच आहेत. कॉम्प्रेसरच्या वाट्यास मात्र मी ऐकले ते दोनच प्रयोग आले, बदलणे आणि टाकणे. यांतील दुसरा फार विलक्षण आहे. प्रमाण मराठीत टाकणे म्हणजे फेकणे, त्याग करणे. गॅरेजच्या मराठीत टाकणे म्हणजे नवे बसविणे. 'कॉम्प्रेसर टाकला' या वाक्यात नवा बसविला की जुना फेकला हे सांगता येत नाही, आणि बहुतेक वेळा दोन्ही खरे असते. दुरुस्ती हा शब्द फारसी दुरुस्तवरून आला, बदल अरबीतून. दोन्ही मराठीत सारखेच मुरले. पण एकात वस्तू तीच राहते व दुसऱ्यात ती राहत नाही. ज्या भागांवरून हात उठला त्यांची क्रियापदे आटली, असा नियम मी त्या रात्री मनाशी बांधला आणि उत्साहाच्या भरात तो मिस्त्रीस ऐकविलाही.

त्याने तो ऐकून घेतला. तोपर्यंत त्याने गळक्या फुग्याकडे जाणारी नळी काढून ते तोंड बंद केले होते, आणि चालकाने इंजिन चालू ठेवल्यावर उरलेल्या तीन फुग्यांवर बस हळूहळू उठत होती. चार पाट्यांपैकी एक तुटला तर तीन भार वाहतात तशीच. रिकामी बस सावकाश पुण्यापर्यंत जाईल असे त्याने सांगितले. मग त्याने चालकास विचारले, "जुना कुठाय?" आठ दिवसांपूर्वी काढलेला कॉम्प्रेसर सामानाच्या कप्प्यात पोत्यात गुंडाळून पडला होता, मालकाला तो भंगारात द्यावयाचा होता. मिस्त्रीने तो कंदिलासारखा वर धरून पाहिला, दट्ट्या हाताने फिरविला, आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, मोटारगाडीचा असता तर तुमचं म्हणणं बरोबर होतं. हा उघडतो. रिंगा घातल्या, हेड घासलं, की चालतोय." मग चालकास, "हा टाकू नका. गाडीतच राहू द्या."

चालकाने तो पुन्हा पोत्यात गुंडाळला, पण या खेपेस सामानाखाली न सारता आपल्या आसनामागे ठेवला. उजाडण्याच्या सुमारास बस यवतच्या दिशेने निघाली. डावे अंग किंचित खाली, बाकी सरळ.